'दहा लाख वारकरी' हा आकडा येतो कुठून?

गूगलवर नुसतं 'तीर्थपुरी' टाकलं की कधी कधी घनसावंगी तालुक्यातलं आपलं गाव बाजूलाच राहतं आणि समोर येते तिबेटमधली तीर्थपुरी, कैलासाच्या यात्रेतली, गरम पाण्याच्या झऱ्यांची. तर आज विषय यात्रेचाच घेऊ, पण संशोधनाच्या बाजूने. यात्रेला किती लोक होते, हे ठरवायचं कसं?

हिमालयात हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. केदारनाथला चालत जाणारा माणूस गौरीकुंडावरूनच वर चढतो. वाट एक, दोन्ही बाजूंना डोंगर आणि दरी. मोजणारा कुठे बसवायचा याचा वादच नाही. तरीसुद्धा जून २०१३ च्या पुरात वर नेमके किती लोक अडकलेत हे कुणालाच धड सांगता येईना. मृत आणि बेपत्ता मिळून संख्या पाच हजारांच्या वर गेली. चारधामच्या यात्रेकरूंची पद्धतशीर नोंदणी सुरू झाली ती त्यानंतर, २०१४ पासून.

आता पंढरपूर बघा. आळंदी, देहू, पैठण, त्र्यंबकेश्वर, मुक्ताईनगर, शेगाव, शिवाय गावोगावच्या लहान दिंड्या. कुणी पहिल्या दिवसापासून चालतो, कुणी वाखरीला येऊन मिळतो, कुणी एसटीने दशमीला उतरून द्वादशीला परत. अशा यात्रेबद्दल 'दहा लाख भाविक' असं छापून येतं, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: हे दहा लाख एका वेळी तिथे होते, की आठवडाभरात येऊन गेले? पहिल्याला साठा म्हणू, दुसऱ्याला प्रवाह. धरणात पाणी किती आणि कालव्यातून किती वाहून गेलं, एवढा फरक आहे दोन्हींत. सिनॉप्सिसमध्ये हा घोळ सर्रास दिसतो.

साठा मोजायची जुनी पद्धत हर्बर्ट जेकब्स या पत्रकार-प्राध्यापकाची, १९६० च्या दशकातली, अमेरिकेतल्या बर्कलीची. मैदानाचे चौकोन पाडायचे, काही चौकोनांतली डोकी मोजायची आणि क्षेत्रफळाने गुणायचं. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत ४.५, हे त्याचे ठोकताळे अजून वापरतात. याचा खरा उपयोग मोठ्या दाव्यांची झडती घ्यायला होतो. चौरस मीटरला दोन माणसं धरली तर दहा लाख लोकांना ५० हेक्टर जागा लागते, म्हणजे साधारण सव्वाशे एकर. वाळवंट, प्रदक्षिणा मार्ग, ६५ एकरचा तळ, मठ, धर्मशाळा हे सगळं नकाशावर मोजा आणि मग ठरवा. कदाचित आकडा बसेलही. पण तो बसतो हे तुम्ही दाखवलेलं असेल.

प्रवाहासाठी रस्ता बरा. ७ मीटर रुंद रस्ता, चौरस मीटरला एक माणूस, चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर असं धरलं तर सेकंदाला ५.६, म्हणजे तासाला सुमारे २० हजार माणसं जातात. धरण्यापेक्षा मोजलेलं चांगलं. दर पाच मिनिटांतलं एक मिनिट मोजायचं आणि पाचाने गुणायचं. दोन मोजणारे, एकमेकांचा कागद न बघता. दोघांच्या आकड्यांत जो फरक पडेल तो लपवू नका, तीच तुमच्या अनिश्चिततेची पहिली खूण. वाटेत येणाऱ्या-जाणाऱ्यांचा प्रश्न उरतोच. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी १ जुलैच्या मोर्चांसाठी दोन ठिकाणी मोजणी केली आणि लोकांना विचारलं, तुम्ही दुसऱ्या ठिकाणावरूनही गेलात का? वारीला हे छान लागू पडतं. "माउली, कुठून चालताय?" एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती दारात उभी राहून होते. आषाढीच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढतात आणि दर्शन २४ तास चालू राहतं. समजा मिनिटाला ३५ जण पायांवर डोकं ठेवून पुढे सरकतात. दिवसाला झाले ५०,४००. दहा दिवसांत पाच लाख. म्हणजे एकादशीला खरोखर दहा लाख लोक असतील, तर त्यांतल्या बहुतेकांनी त्या दिवशी मुखदर्शन नाहीतर कळसदर्शनच घेतलं. आणि रांगेत १८ तास लागत असतील तर रांगेत ३५ गुणिले ६० गुणिले १८, म्हणजे ३७,८०० माणसं उभी आहेत. हा रांगांचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला; बँकेच्या रांगेलाही तोच लागतो.

एवढी उठाठेव कशाला? कारण शौचालयं, टँकर, डॉक्टर हे सगळं याच आकड्यावर ठरतं. आरोग्य विभागाकडे ५,००० जुलाबाचे रुग्ण आले असं धरा. यात्रा दहा लाखांची असेल तर प्रमाण ०.५ टक्के, चार लाखांची असेल तर १.२५. छेद चुकला की साथ आहे की नाही हेच कळत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा, एकूण आकडा जीव वाचवत नाही. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसं गेली. पुढे न्या. राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. यात्रेला एकूण किती लाख आले होते, हा तिथे दुय्यम प्रश्न. चढाच्या चिंचोळ्या वाटेवर, दुकानांच्या मधल्या फटीत, चौरस मीटरला किती माणसं होती, हा मुख्य. पाच-सहाच्या पुढे गेलं की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी त्याला नेते. आपल्याकडचे बहुतेक देव डोंगरावर, आणि वाटा जुन्या.

जालना जिल्ह्यातल्या कुणाला यावर छोटा प्रकल्प करायचा असेल तर चांगली सोय आहे. शेगावची गजानन महाराजांची पालखी परतीला जालन्यातून जाते. तिच्यात सुमारे ७०० वारकरी असतात, शिस्तीत, पांढऱ्या वेशात, संस्थानकडे नोंद असलेले. म्हणजे खरा आकडा आधीच ठाऊक. तुमच्या पद्धतीने तो आधी मोजून बघा. ९०० आले तर पद्धत किती फुगवते ते कळलं, ५०० आले तर किती खाते ते कळलं. बघे आणि वाटेत चार पावलं चालणारे वेगळ्या रकान्यात. मोजायच्या आदल्या मुक्कामी पालखी सांभाळणाऱ्यांना भेटून परवानगी घ्या, चेहऱ्यांचे फोटो नकोत, आणि पावसाळा आहे, तेव्हा मोजणीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि लिहायला पेन्सिल.