कढईतलं तेल कुणाच्या जमिनीचं?

दसऱ्याच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली की आज सौदा कितीवर निघाला, हे निलंग्यापासून लोह्यापर्यंत विचारलं जातं. नांदेडच्या नव्या मोंढ्यातही तीच घाई. माल विकून, आडत्याकडून पट्टी घेऊन शेतकरी गावाकडे निघतो आणि वाटेत किराणा दुकानातून तेलाचे पुडे घेतो. त्या पुड्यातलं तेल पुष्कळदा समुद्रापलीकडून आलेलं असतं.

शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं जेमतेम अठरा किलो. बाकी बहुतेक पेंड. ती कोंबड्यांना लागते, आणि आपलं सोयाबीन जनुकीय बदल केलेलं नसल्यामुळे जर्मनी-फ्रान्सपर्यंत तिला गिऱ्हाईक आहे. तेलाची तूट भरायला मात्र देश वर्षाला दीडशे लाख टनांहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा.

अशा देवाणघेवाणीत कोणता देश निसर्गावर किती भार टाकतो, ते मोजायची रीत कॅनडातल्या एका विद्यापीठात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागल यांनी 1990च्या दशकात बसवली. तिला पर्यावरणीय पाऊलखूण म्हणतात. आपण जे खातो, नेसतो, जाळतो, त्यासाठी किती हेक्टर जमीन आणि मासेमारीचं पाणी राबतं, असा तो हिशेब. कोळशा-डिझेलचा कर्बवायू शोषायला जेवढं जंगल लागेल तेही त्यात धरतात, आणि जगाच्या पाऊलखुणेचा निम्म्याहून मोठा भाग या इंधनाचाच निघतो. भारतात माणशी सव्वा हेक्टरच्या आसपास लागतं. अमेरिकेत त्याच्या सहापट. पण आपल्या देशाच्या जमिनीची कुवत माणशी अर्ध्या हेक्टरचीही नाही.

परदेशी माल आला की त्यामागची जमीन घेणाऱ्याच्या खात्यावर चढते, गेला की उतरते. म्हणजे आपली भजी तळताना सुमात्रातली जंगल तोडून उभी राहिलेली पामची बाग आपल्या नावावर लागते, आणि लातूरजवळच्या औशाच्या काळ्या रानातलं सोयाबीन पेंड होऊन गेलं की जर्मनीच्या. खातं असं चुकतं होतं, पण औशाच्या बांधावरून पावसात वाहून गेलेली माती औशाचीच जाते. मला हा हिशेब अपुरा वाटतो तो इथे.

वाहतुकीचा दोष मात्र लोक वाजवीपेक्षा जास्त धरतात. जहाजाला टनामागे इंधन फार थोडं लागतं. बंदरापासून दुकानापर्यंतचा ट्रक तेवढ्याच अंतराला त्याहून कितीतरी जास्त पितो, आणि जंगल तोडून लावलेल्या पामचा भार या दोन्हींपेक्षा जड असतो.

पाऊलखुणेच्या हिशेबात न मावणारी आणखी एक गोष्ट लातूरने पाहिली आहे. 2016च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून कृष्णेचं पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा टाक्यांची रेल्वेगाडी शहरात आली. पुढे पन्नास टाक्यांतून एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. अंतर सुमारे 340 किलोमीटर. एकेकाळी बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी मिरज-लातूर धावायची, तीच ही वाट. इंजिनाचं डिझेल पाऊलखुणेत धरलं जातं, कोरड्या धरणाला तिथे रकाना नाही. आदल्या वर्षी, जुलै 2015मध्ये, शेजारचं परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं. कोळशावरची वीजही शेवटी धरणाच्याच भरवशावर असते, हे तेव्हा कळलं.

आणि याच मांजरा खोऱ्यात उसाचा पेरा पसरत राहिला, करडई मात्र मागे हटली. आमच्याकडे भाजीला करडईचंच तेल असायचं. ऑक्टोबरात पेरायची आणि खोल मुळांनी काळ्या मातीतली ओल शोषून, पाण्याची एकही पाळी न मागता ती फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला यायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी कुसुम’ वाण आजही आहे. पण काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेना आणि दुकानात पामतेल स्वस्त, त्यामुळे शेतकरी हरभऱ्याकडे वळला. काट्यांचा प्रश्न आता हार्वेस्टरने सुटतो. करडईला हमीभावही जाहीर होतो. तो हातात पडेल असं खरेदी केंद्र तालुक्याला असलं, तर ती पुन्हा पेरली जाईल.