भिंत खाली एवढी जाड कशाला?

जुन्या इमारतींच्या भिंती तळमजल्यावर जाडजूड असतात, वर जावं तशा बारीक होतात. शिकागोच्या भर बाजारपेठेतल्या मोनॅडनॉक या कचेऱ्यांच्या इमारतीत हे ठळक दिसतं. १८९१ साली बांधलेला तिचा उत्तरेकडचा भाग १६ मजली, आणि बाहेरच्या भिंती विटांच्या. दहीहंडीत सर्वाधिक गोविंदा तळाच्या थराला लागतात, तसंच इथे: खालच्या विटेवर वरच्या सगळ्यांचं ओझं. म्हणून तळाशी भिंत तब्बल ६ फूट जाड! भाड्याने देण्याजोगी मोक्याची जागा भिंतीनेच खाल्ली. १८९३ मध्ये जोडलेल्या दक्षिण भागात भार पोलादी सांगाड्यावर गेला, भिंत सडपातळ झाली. मला मात्र उत्तरेची ती नक्षीविना उभी, पायाशी अलगद बाहेर झुकलेली भिंतच जास्त देखणी वाटते.