एक गुडघा की दोन्ही?

उतारवयात गुडघे कुरकुरू लागले की आरंभी आपण तेलमालीश, शेक, वेदनाशामक गोळ्या आणि काठी यांवर भागवतो. पुढे जिना चढणे, बसमध्ये पाय टाकणे, रात्रीची झोप, सारेच अवघड होते आणि अस्थिरोगतज्ज्ञ गुडघ्याच्या सांधेरोपणाचा सल्ला देतात. झीज बहुधा दोन्ही गुडघ्यांची असते. त्यामुळे घरोघरी एकच प्रश्न उपस्थित होतो : शस्त्रक्रिया आधी एका गुडघ्याची करावी, की दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलून मोकळे व्हावे?

प्रथम या शस्त्रक्रियेचे स्वरूप समजून घेऊ. ‘गुडघा बदलणे’ असे आपण म्हणतो. परंतु संपूर्ण गुडघा काढला जात नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांचा झिजलेला पृष्ठभाग तासून त्यावर मिश्रधातूचे आवरण बसवतात व दोहोंमध्ये पॉलिइथिलीनची चकती ठेवतात. हाडावर हाड घासणे थांबते आणि वेदना शमते.

दोन्ही गुडघे एकदम बदलण्याचे लाभ उघड आहेत. भूल एकदाच, रुग्णालयातील वास्तव्य एकदाच, व्यायामाचा काळ एकच. नोकरदाराला रजाही एकदाच घ्यावी लागते आणि एकूण खर्चही सामान्यतः कमी येतो. दोन्ही गुडघे वाकून आखडले असतील, तर एकाच वेळी दोन्ही सरळ करणे अधिक हितकारक ठरते. कारण एक पाय सरळ आणि दुसरा वाकडा राहिला, तर चालण्याचा तोल साधत नाही व नव्या गुडघ्याचा व्यायामही नीट होत नाही.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोन्ही शस्त्रक्रियांत मिळून रक्तस्राव अधिक होतो व बाहेरून रक्त देण्याची शक्यता वाढते. हाडाच्या पोकळीत अवजारे घालताना मज्जेतील स्निग्धांशाचे सूक्ष्म कण रक्तात मिसळून फुप्फुसांपर्यंत पोहोचतात. दोन्ही पायांवर एकाच दिवशी काम झाल्यास हा भार दुप्पट होतो. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हृदयावर ताण येणे, हे धोकेही एका गुडघ्याच्या तुलनेत अधिक असतात. निरोगी व्यक्ती हे सोसते. दुर्बल हृदयाला ते झेपेलच असे नाही. शिवाय पहिले काही दिवस भार टाकायला एकही ‘जुना’ पाय उरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणूनच गुडघे किती झिजले, एवढ्यावरून हा निर्णय होत नाही. एका वेळी किती ताण शरीर सोसू शकेल, हा खरा निकष आहे. हृदयविकार, फुप्फुसांचा आजार, अनियंत्रित मधुमेह, अतिस्थूलता अथवा वयाची पंचाहत्तरी उलटलेली असेल, तर तज्ज्ञ सहसा टप्प्याटप्प्याने जाण्याचा सल्ला देतात. दोन टप्प्यांत सामान्यतः काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत अंतर ठेवले जाते.

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. दोहोंमध्ये सुमारे आठ महिन्यांचे अंतर होते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे वय ७५ होते. दोन टप्पे म्हणजे अर्धवट उपचार, असा समज कोणी करून घेऊ नये.

आता आर्थिक बाजू. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरातील कोबाल्ट-क्रोमियम प्रकारासाठी ती वस्तू व सेवा कर वगळून ५४,७२० रुपये होती. पुढे या किमतींत बदल झाले आहेत, म्हणून चालू दर विचारून घ्यावा. रुग्णालयाचे एकूण देयक अर्थातच यापेक्षा मोठे असते. आरोग्य विमा असल्यास सांधेरोपणासाठीचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाला आहे काय, प्रत्येक गुडघ्यामागे खर्चाची मर्यादा आहे काय, हे आधी पाहावे. दोन्ही शस्त्रक्रिया एकदम केल्यास सारा खर्च एकाच वर्षाच्या विमा रकमेतून जातो. टप्प्यांनी केल्यास तो दोन पॉलिसी वर्षांत विभागता येऊ शकतो. तथापि केवळ पैसे वाचतात म्हणून शरीराला न झेपणारा पर्याय निवडणे, हा तोट्याचाच व्यवहार होय.

शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाची तपासणी, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन यांकडे लक्ष द्यावे. दात किंवा मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असल्यास आधी त्यावर उपचार घ्यावेत. तज्ज्ञांना तीन प्रश्न नि:संकोच विचारावेत : माझे हृदय व फुप्फुसे दोन्ही शस्त्रक्रिया एकदम सोसतील काय? गरज भासल्यास येथे अतिदक्षता विभाग आहे काय? आणि पहिला गुडघा झाल्यावर भूलतज्ज्ञांना प्रकृती ठीक न वाटल्यास दुसरा पुढे ढकलला जाईल ना? तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणारे वैद्यकीय पथक विश्वासास पात्र असते.

शस्त्रक्रिया काही तासांत संपते. गुडघा मात्र पुढील अनेक आठवड्यांच्या नियमित व्यायामाने घडतो. त्या व्यायामासाठी आपल्या अंगी बळ शिल्लक राहील, असाच पर्याय आपण निवडावा.