भोवत्या फिरू द्या!

नांदूर मध्यमेश्वरहून आलं की ओळखीचे सगळे एकच विचारतात, "फ्लेमिंगो दिसले का?" मला या प्रश्नाचा आता कंटाळा आलाय. फ्लेमिंगो कधी दिसतात, कधी दिसत नाहीत, दिसले तरी बहुतेक वेळा लांब उन्हाच्या झळाळीत एका पायावर उभे असतात. मी पहाटेची झोप मोडून तिथे जाते ती भोवत्यासाठी. दलदल भोवत्या. तपकिरी रंगाचा, घारीएवढा, फोटो काढून घरी दाखवला तर "ही घारच ना?" असं ऐकवणारा पक्षी. पण अख्खी दलदल समजून घ्यायची तर याच्यासारखा मास्तर नाही.

आधी शाळेची माहिती उरकून घेऊ. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांचा संगम होतो. तिथे ब्रिटिशांच्या काळात, 1911 च्या सुमारास, कालव्यांसाठी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं तयार झाली, उथळ पाणी पसरलं, पाणकणीस माजलं आणि पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत रामसर यादीत नाव आल्याचं जाहीर झालं, तेव्हा हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. 'महाराष्ट्राचं भरतपूर' हे बिरुद त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. झाली माहिती.

निफाडच्या थंडीबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहायलाच हवेत. हिवाळ्यात पेपरात राज्याच्या थंडीची बातमी आली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा त्यात हमखास असतो. अभयारण्य त्याच तालुक्यात, वर पाण्याच्या काठाला. पहाटे चापडगावच्या दिशेने जाताना द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या दिसतात. त्या शेकायला नसतात, कडाक्याच्या थंडीपासून घड वाचवण्यासाठी असतात. शेजारी ऊस असतो आणि या भागात उसात बिबट्या असू शकतो, म्हणून उजाडण्याआधी बांधाबांधाने एकटं फिरायचं नाही, हे गावकरी निक्षून सांगतात. ते ऐकावं.

जाण्याआधी मी हवामान नंतर विचारते, आधी विचारते, "आवर्तन सुटलंय का?" कारण इथलं पाणी निसर्गाच्या नाही, कालव्याच्या वेळापत्रकाने चढतं-उतरतं. पाणी उतरलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात, मग शेकाटे, तुतवार, शराटी चोची खुपसत फिरतात. पाणी चढलं की हीच मंडळी एका दिवसात गायब. बदकांचं गणितही खोलीवर चालतं. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही सगळी बुडी न मारता खाणारी, डोकं पाण्यात आणि शेपूट वर. त्यांना चोच पोचेल एवढंच पाणी हवं. थापट्याची चोच तर चपटी, रुंद आणि कडेने बारीक दातऱ्यांची. पाणी आत घेऊन गाळायचं, त्यातले सूक्ष्म जीव ठेवायचे, उरलेलं बाहेर. नांदूरचा गाळ, ज्याबद्दल पाटबंधाऱ्याची मंडळी हळहळतात, तोच या पाहुण्यांचं अन्नकोठार आहे.

आता भोवत्या. ऑक्टोबरमध्ये तो उत्तरेकडून येतो, मार्चपर्यंत राहतो. सूर्य जरा वर आला की पाणकणसाच्या शेंड्यांवरून, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून, तो संथ फिरू लागतो. चार-सहा पंख मारायचे, मग पंख व्ही अक्षरासारखे वर उचलून तरंगायचं. घार असे पंख उचलत नाही, ओळखायची खूण हीच. मादी नरापेक्षा मोठी, गडद तपकिरी, डोकं मलईच्या रंगाचं. नराच्या पंखांवर आणि शेपटीवर राखाडी रंग, पंखांची टोकं काळी. पिल्लंही मादीसारखीच दिसत असल्यामुळे इथे 'माद्या'च जास्त वाटतात. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याकडे अभ्यासकांना याहून गंमत आढळली. तिथले बरेच प्रौढ नर जन्मभर मादीच्याच पिसाऱ्यात राहतात आणि त्यामुळे इतर नरांशी होणारी भांडणं टाळतात. सोयीस्कर!

भोवत्यांच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखी पिसांची तबकडी असते. तिच्यामुळे गवताखालची उंदराची खुडबूड कानावर येते, म्हणून तर हा इतक्या खालून, इतक्या हळू उडतो. पाय लांब असतात, उंच गवतात वरूनच हात घालता यावा म्हणून. रात्री हे जमिनीवरच, गवतात मुक्काम करतात. गुजरातेत वेळावदरच्या गवताळ रानात भोवत्यांच्या इतर जातींची अशी प्रचंड निवासस्थानं आहेत. तिथे संध्याकाळी उभं राहावं, हे माझं जुनं स्वप्न आहे. असो, पुन्हा निफाडला येऊ.

पहिल्या काही फेऱ्यांमध्ये मी मचाणावरून कॅमेरा घेऊन सैरावैरा बघायचे. तेव्हा बरोबरचा गावातला गाइड दुर्बीण न उचलताच म्हणाला, "थांबा ताई, भोवत्या फिरू द्या, मग कुठं काय बसलंय ते आपोआप कळंल." अगदी तसंच झालं. जिथे नुसतं गवत वाटत होतं तिथून जांभळ्या पाणकोंबड्या पळाल्या. मोकळ्या पाण्यातले चांदवे, म्हणजे आपले वारकरी, एकमेकांना चिकटून एक काळा गोळा झाले आणि पंखांनी पाणी उडवू लागले. भोवत्याला एकटा-दुकटा, अशक्त पक्षी हवा असतो. घोळक्यात झेपावणं त्याला परवडत नाही. एखादा चांदवा मागे राहिला की तो त्याच्यावर घिरट्या घालून त्याला दमवू बघतो. बदकं मात्र भोवत्याला उडून उत्तर देतात, कारण उडत्या बदकाला गाठणं त्याला कठीण. बहिरी ससाणा आला की उलट होतं. तो हवेत मारतो, म्हणून बदकं पाणी सोडायला तयार नसतात. साधी घार वरून गेली तर फारसं कोणी मानही वर करत नाही. कोण आलंय हे आकाशाकडे न बघता, नुसत्या पाण्याकडे बघून कळायला लागलं की नांदूर समजायला लागलं.

फोटोचंही हेच सूत्र आहे. सूर्य पाठीशी ठेवा, एक जागा धरा, बसा. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्या. आयएसओ वाढला तर वाढू द्या, दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा. सकाळची कोवळी तिरपी उन्हं भोवत्याच्या पंखाखालीही पोचतात. दहानंतर पाण्यावर हवा थरथरायला लागते, मग लाखाची लेन्सही उपयोगाची नाही. त्या वेळी सरळ नाशिकला परतावं आणि मिसळ खावी.

एका गोष्टीने मात्र डोकं फिरतं. एकदा एका फोटोग्राफी गटातल्या उत्साही मंडळींनी थव्याचं उड्डाण टिपायला काठावरून टाळ्या वाजवल्या, ढेकूळही भिरकावलं. बदकांना वसंतात हजारो किलोमीटर परत जायचं असतं, त्यासाठी अंगात चरबी साठवायची असते. विनाकारण घेतलेलं प्रत्येक उड्डाण त्या शिदोरीतून वजा होतं. भोवत्या दिवसभर थवे उठवतच असतो, त्याचं काम आपण कशाला करायचं? तासभर थांबण्याची तयारी नसेल तर पक्ष्यांचे फोटो हा छंद आपला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. दिवाळीचा फराळ आणि पाहुण्यांचं आगमन साधारण एकाच सुमारास होतं. या हंगामात नांदूरला जाणार असाल तर रविवार टाळा, गडद कपडे घाला, कॅमेरा नसला तरी दुर्बीण घ्या आणि गावातला गाइड नक्की घ्या. त्याचे पैसे देताना घासाघीस करू नका. ही दलदल टिकायची असेल तर तिच्यावर काठावरच्या गावांचं घर चाललं पाहिजे.