दुय्यम लीगमधील गोलरक्षकाची दीर्घ प्रतीक्षा

आइस हॉकीच्या सामन्यात प्रत्येक संघ दोनच गोलरक्षक सज्ज ठेवतो आणि गोलजाळ्यासमोर उभा राहतो तो एकच. त्यामुळे उत्तर अमेरिकेतील अनेक गोलरक्षकांची उमेदीची वर्षे दुय्यम लीगमध्येच सरतात. अमेरिकेच्या टिम थॉमसचे नशीबही असेच होते. १९९४ मध्ये ‘एनएचएल’ या अव्वल लीगच्या खेळाडू निवडीत त्याचा क्रमांक २१७वा लागला. पुढे बर्मिंगहॅम, ह्यूस्टन, प्रॉव्हिडन्स येथील दुय्यम संघ आणि फिनलंड अशी त्याची भटकंती झाली. बोस्टन ब्रुइन्स संघातील स्थान पक्के झाले ते २००५-०६ च्या मोसमात, वयाच्या ३१व्या वर्षी. २०११ मध्ये स्टॅन्ली चषकाच्या निर्णायक सातव्या लढतीत त्याने व्हँकुव्हरला एकही गोल करू दिला नाही. बोस्टनने ४-० असा विजय मिळवला. बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमानही ३७ वर्षांच्या थॉमसलाच लाभला.