पिसांखालचा व्हेलोसिरॅप्टर

पिसं असलेल्या डायनोसॉरचं शिल्प बहुतेक वेळा माती हातात घेण्याआधीच बिघडलेलं असतं. करणाऱ्याच्या मनात सरडा असतो. तो सरड्याचं अंग पुरं करतो आणि शेवटी त्यावर पिसं चढवतो. मग समोर उभा राहतो तो अंगरखा घातलेला सरडा. जनावर पक्ष्यासारखं दिसायला हवं असेल, तर पहिल्या रेघेपासून दोन आकार सोबत आखावे लागतात. एक आतल्या अंगाचा आणि दुसरा बाहेरच्या पिसाऱ्याचा.

हे दोन आकार किती वेगळे असतात, ते मुंबईतल्या विलेपार्ल्यात जुलै महिन्यात कुणालाही दिसतं. एरवी कावळ्याचं डोकं थेट खांद्यांतून निघाल्यासारखं वाटतं. धो धो पावसात तो चिंब भिजला, की लांब वाकडी मान, काटकुळ्या मांड्या आणि पोटाचा लहानसा गोळा उघडा पडतो. मानेचा तो बाक कोरड्या कावळ्यातही असतोच, पिसांनी तो भरून काढलेला असतो. म्हणून मी शिल्पकाराला आधी भिजलेला कावळा काढायला सांगेन, मग कोरडा, आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवायला सांगेन. त्या दोन रेघांमधली जागा म्हणजेच पिसारा.

आता प्राणी कोणता घ्यायचा? मन आधी आपल्या मातीकडे धावतं. पार्ल्याशेजारी अंधेरीत गिल्बर्ट हिलचा काळा बसाल्ट उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरीच्या सुमाराचा. पण उकळत्या लाव्हारसात सांगाडे टिकत नाहीत. मुंबईच्या लाव्हांमधल्या गाळाच्या थरांनी वरळीला बेडकांचे जीवाश्म जपले. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला हाडं मिळाली ती अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरांची. पक्ष्यांच्या जवळच्या ट्रूडॉन्टिड कुळातला म्हणून 2013 मध्ये जो भारतीय पुरावा प्रसिद्ध झाला, तो तमिळनाडूतल्या कल्लमेडूचा एकुलता एक दात आहे. एका दातावर अख्खं जनावर उभं केलं, तर त्याला अचूक म्हणता येणार नाही. मोह आवरावा आणि ज्याची हाडं भरपूर आहेत त्याच्याकडे वळावं.

असा प्राणी म्हणजे व्हेलोसिरॅप्टर. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला तो 1923 मध्ये मंगोलियातल्या गोबी वाळवंटात सापडला आणि पुढच्या वर्षी हेन्री ऑसबर्न यांनी त्याचं नामकरण केलं. 1993 च्या ‘जुरासिक पार्क’ने तो घराघरांत पोचवला, पण माणसाएवढा, उघड्या कातडीचा आणि तळवे जमिनीकडे वळवलेला. खरा प्राणी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण दोन मीटर लांब, कमरेशी जेमतेम अर्धा मीटर उंच आणि पंधरा-वीस किलोंचा. एकास पाच या प्रमाणात तो 40 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे लांबीला आपल्या गावकावळ्याएवढा. हे माप सोयीचं आहे. टेबलावर मावतं, आणि ताडून पाहायला तेवढाच जिवंत पक्षी खिडकीत येऊन बसतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो पंखाला. 1998 मध्ये मंगोलियात मिळालेल्या एका व्हेलोसिरॅप्टरच्या कोपराखालच्या हाडावर सारख्या अंतराने सहा बारीक उंचवटे आहेत. आजच्या कित्येक पक्ष्यांत मोठ्या पिसांची मुळं हाडाला बांधली जातात, तिथे असेच उंचवटे असतात. 2007 मध्ये टर्नर, मकोविकी आणि नॉरेल या संशोधकांनी हे प्रसिद्ध केलं आणि कोपर ते मनगट एवढ्या भागात अशी 14 पिसं असावीत असा हिशेब मांडला. उंचवट्यांमधलं अंतर सुमारे चार मिलिमीटर. आपल्या प्रमाणात ते 0.8 मिलिमीटर होतं. एवढ्याशा जागेत 14 सुटी पिसं रोवायला गेलं, तर पंखाची केरसुणी होते. त्यापेक्षा पातळ पत्र्यातून पंखाचा एक सलग पडदा कापावा, त्यावर पिसांच्या कडा कोराव्यात आणि मुळांवर आच्छादक पिसांचे थर चढवावेत.

पंख मनगटाशी थांबवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. पिसांच्या बाह्या आणि पुढे उघडे पंजे, असं ध्यान मग तयार होतं. मोठी पिसं हातावरही असतात, मधल्या लांब बोटाला धरून. तळवे टाळी वाजवताना असतात तसे एकमेकांसमोर येतात. मनगटातल्या चंद्रकोरीसारख्या हाडामुळे हात बाजूला दुमडतो, पण पक्ष्याइतका पुरता मिटत नाही. हे कळायला कोंबडीवाल्याकडून एक अख्खा पंख आणावा आणि तो उघडमीट करून पाहावा. रानपाखरांची पिसं वेचू नयेत, वन्यजीव कायद्याची त्यावर बंधनं आहेत.

प्रत्यक्ष पिसांचे ठसे मात्र गोबीच्या वाळूने राखलेले नाहीत. ते चीनमधल्या लिआओनिंगच्या बारीक गाळाने राखले. 1996 च्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरपासून ही मालिका सुरू झाली. 2015 मध्ये आलेला झेन्युआनलाँग आपल्या फार कामाचा आहे, कारण तो व्हेलोसिरॅप्टरच्याच कुळातला आहे आणि हात आखूड असूनही त्याचे पंख भरघोस आहेत. न उडणाऱ्या प्राण्याला एवढे पंख कशाला, हा प्रश्न बघणारा विचारणारच. मंगोलियातच अंड्यांवर हात पसरून बसलेल्या स्थितीत सिटिपाटी या दुसऱ्या डायनोसॉरचे सांगाडे मिळाले आहेत. पंखांनी अंडी झाकणं हा एक पटणारा उपयोग.

सांगाड्याची तार वाकवण्याआधी बाजूचं, वरचं आणि समोरचं अशी तिन्ही रेखाटनं शिल्पाच्याच मापात हवीत. वरून पाहिलेलं रेखाटन लोक टाळतात आणि छाती पिंपासारखी करून ठेवतात. तोल कमरेवर असतो. पाऊल छातीच्या दिशेने पुढे आलं नाही, तर प्राणी तोंडावर पडेल. पायाचं दुसरं बोट जमिनीवरून उचललेलं राहतं. त्यावरच्या कोयत्यासारख्या नखीचं हाड खऱ्या मापात साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास, पण वर शिंगासारखं आवरण असल्यामुळे नखी त्याहून लांब करावी. शेपटी लांब हाडकाड्यांनी ताठ झालेली असते, तरी एका नमुन्यात ती आडवी, नागमोडी वळलेली मिळाली आहे. थोडा बाक दिला तर तो पुराव्याला धरूनच आहे.

पहिला कच्चा नमुना शाडूचा करावा. पार्ल्यात गणपतीच्या दिवसांत शाडू सहज मिळतो आणि तो हाताचं पटकन ऐकतो. पण वाळताना त्याच्या पातळ कडा तडकतात, पिसांची टोकं झडतात. अंतिम काम रेझिनमध्येच हवं. अंगाला रबरी साचा, आणि पंख वेगळे करून मागाहून जोडायचे, नाहीतर ते साच्यात अडकतात.

रंगाचा पुरावा काही भाईबंदांकडे आहे. अँकिऑर्निसचा काळा-पांढरा पंख आणि तांबूस तुरा 2010 मध्ये पिसांतल्या रंगकणांवरून कळला. मायक्रोरॅप्टरची काळी चमक 2012 मध्ये उमगली. व्हेलोसिरॅप्टरची पिसंच मिळालेली नाहीत. तो वाळूच्या टेकाडांत राहत होता, तेव्हा पाठ मातकट आणि पोट फिकं धरावं. पंखाला भारद्वाजाचा विटकरी रंग द्यावासा वाटतो, जमिनीवर चालणारा तो जडसा पक्षी या कामाला फार जवळचा आहे. पण पूर्ण भारद्वाज उतरवला, तर बघणाऱ्याला भारद्वाजच दिसेल. विटकरी रंग पंखाच्या टोकांपुरता ठेवावा आणि तळाच्या पट्टीवर स्पष्ट लिहावं: पंख आहेत हे हाडावरून, पिसांची ठेवण झेन्युआनलाँगवरून, रंग शिल्पकाराचा.