औषध तोंडातून की हाडातून?

माझी भाची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एका रात्री तिचा फोन आला. "खाला, पुस्तकात 'पेर ओस' लिहिलंय. मोबाइलवर लॅटिन शब्दकोश पाहिला. 'पेर' म्हणजे मधून, 'ओस' म्हणजे हाड. मग गोळी हाडातून द्यायची का?"

मला हसू आले, पण लगेच काळजीही वाटली. 'पेर ओस' म्हणजे तोंडावाटे. तिने शब्दकोश उघडला होता, पण पहिलाच अर्थ वाचून बंद केला होता.

लॅटिनमध्ये हे शब्द दोन आहेत. रोमन लिपीत दोन्ही 'ओ' आणि 'एस' या दोनच अक्षरांत लिहितात. तोंडाच्या शब्दातला स्वर दीर्घ, हाडाच्या शब्दातला ऱ्हस्व. मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, तसेच हे. चांगला शब्दकोश दीर्घ स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ देतो आणि नामापुढे षष्ठीचे रूपही देतो. तोंडाचे 'ओरिस', हाडाचे 'ओस्सिस'. 'ओरिस' पाहिले की जुलाब झाल्यावर देतो त्या ओआरएसमधला 'ओरल' आठवतो. मग चूक होत नाही.

दुसरी अडचण शब्द सापडण्याची. दिवसातून तीनदा घ्यायच्या औषधापुढे 'टीडीएस' लिहितात, म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम'. छापील कोशात 'सुमेन्दुम' शोधले तर मिळणार नाही. ज्यांनी अरबी लुगत उघडली आहे त्यांना हे नवे नाही. अनेक अरबी कोशांत 'मकतब' हा शब्द 'मीम'खाली नसतो. तो 'काफ-ते-बे' या मूळ धातूखाली असतो, आणि तिथे पहिले रूप 'कतबा', म्हणजे 'त्याने लिहिले'. मराठी कोश 'लिहिणे' देतो. लॅटिन कोशात क्रियापद 'मी'च्या रूपात असते. 'सुमेन्दुम', म्हणजे 'घ्यावयाचे', हे 'सुमो' (मी घेतो) याखाली सापडते.

इथे ऑनलाइन कोशाची खरी मदत होते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सिअस' संकेतस्थळावर 'सुमेन्दुम' टाइप केले की ते मूळ शब्द सांगते आणि 1879 साली निघालेल्या लुईस आणि शॉर्ट यांच्या मोठ्या कोशातील नोंद दाखवते. शिकागो विद्यापीठाच्या 'लोगेऑन'वर अनेक कोश एकत्र पाहता येतात. याच विद्यापीठाने आपला मोल्सवर्थचा मराठी कोश आणि प्लॅट्सचा उर्दू कोशही ऑनलाइन ठेवले आहेत. सगळे मोफत. पूर्वी असा एकेक ग्रंथ पाहायला मोठ्या शहरातील ग्रंथालय गाठावे लागे.

मात्र यंत्र एका रूपाच्या अनेक शक्यता समोर ठेवते. त्यातली कोणती इथे बसते, हे वाक्य वाचून आपणच ठरवायचे असते.

काही वेळा शब्दकोशही अपुरा पडतो. मेंदूच्या बाहेरच्या आवरणाला 'ड्युरा मेटर' म्हणतात. कोशात 'दुरुस' म्हणजे कठीण आणि 'मातेर' म्हणजे आई. मेंदूला आई कुठली? याचे उत्तर अरबीत आहे. अरबी वैद्यकात त्या आवरणाला 'उम्म', म्हणजे आई, म्हणत. 11व्या-12व्या शतकांत अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये गेले. इब्ने सीनांचा 'अल-कानून' 12व्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने भाषांतरित केला. त्या काळात ही 'आई'ही लॅटिनमध्ये गेली आणि आज आपल्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात आली आहे.

आपल्या घरात कोणी नर्सिंग, फार्मसी किंवा जीवशास्त्र शिकत असेल तर त्यांना एक साधी सवय लावा. शब्द सापडला की पूर्ण नोंद वाचायची. मूळ रूप, षष्ठी आणि अर्थ वहीत लिहायचे. मग तो अर्थ वाक्यात बसवून पाहायचा. तरीही शंका राहिली तर शिक्षकांना विचारायचे, अंदाज करायचा नाही. औषधाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

भाचीने आता वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर दोनच शब्द आहेत, तोंड आणि हाड. दोन्हींपुढे षष्ठी लिहिलेली आहे.